वायरलेस सेन्सरची बॅटरी वर्षभर टिकवायची कशी: कुळागर, टाकी आणि मासळीच्या क्रेटसाठी

कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) किंवा जेटीवर पहिल्यांदा वायरलेस सेन्सर लावणाऱ्याचा फोन बहुधा तिसऱ्या आठवड्यात येतो. "बॅटरी गेली. यापेक्षा मोठी कुठली मिळेल?" प्रश्न साहजिक आहे, पण मोठ्या बॅटरीने तो सुटत नाही. तीन आठवड्यांऐवजी सहा आठवडे जातील, आणि मग भर पावसात, पायाच्या जळवा काढत, पोफळीच्या बुंध्याशी बसून पुन्हा डबा उघडायचा.

गोव्यातल्या फोंडा-सांगे भागातल्या कुळागरांत जमिनीचा ओलावा आणि टाकीची पातळी मोजणारी यंत्रं मी लावतो. अधूनमधून मासळीच्या क्रेटना ॲक्टिव्ह टॅग (स्वतःच्या बॅटरीवर ठराविक वेळाने 'मी इथे आहे' अशी हाक मारणारे) लावायचं कामही येतं. दोन्हीकडे एकच प्रकार दिसतो. मोजायला आणि पाठवायला लागणारी वीज चिल्लर असते. बॅटरी रिकामी होते ती यंत्र झोपलंय असं आपण समजून चालतो तेव्हा. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी चौथी, पाचवी आणि सातवी हाताने करून बघा. बाकीच्या नुसत्या वाचल्या तरी काम भागेल.

१. आधी कागदावर हिशोब

समजा यंत्र दर १५ मिनिटांनी जागं होतं, म्हणजे दिवसाला ९६ वेळा. प्रत्येक वेळी २ सेकंद जागं राहून ८ मिलिअँपिअर खातं, लोरावर (कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ) ४० मिलिअँपिअरने सुमारे ६२ मिलिसेकंद पाठवतं आणि उत्तरासाठी क्षणभर ऐकतं. एका फेरीला साधारण २० मिलिअँपिअर-सेकंद गेले. ९६ फेऱ्यांचे १९२०, त्याला ३६०० ने भागलं की ०.५३ मिलिअँपिअर-तास. उरलेला दिवस १० मायक्रोअँपिअरवर (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग) झोपून काढला तर आणखी ०.२४. दिवसाचा खर्च ०.७७.

बॅटरीतले २००० मिलिअँपिअर-तास हाती लागतात असं धरलं तर कागदावर सात वर्षं होतात. उन्हाची झळ, बॅटरीची आपोआप होणारी झीज, पुन्हापुन्हा पाठवावे लागलेले निरोप, हे सगळं धरून सरळ निम्मे करा. तरी साडेतीन वर्षं.

आता एकच आकडा बदला. झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या जागी ५ मिलिअँपिअर जाऊ द्या. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले आणि तीच बॅटरी १७ दिवसांत आटोपली. तिसऱ्या आठवड्यातला फोन तो हाच.

२. काय काय जमवायचं

सामान:
- मायक्रोअँपिअर मोजणारा मल्टिमीटर
- ४७०० मायक्रोफॅरॅडचा, १० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (हा सगळ्यात कामाचा, आणि स्वस्तही)
- एमसीपी१७०० किंवा एचटी७३३३ असा स्वतः अगदी कमी खाणारा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग)
- १ मेगाओहमचे रेझिस्टर, १०० नॅनोफॅरॅडचे सिरॅमिक कपॅसिटर, एखाददुसरा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच)
- पाणी न शिरणारा डबा, केबल ग्लँड, सिलिका जेलच्या पुड्या, सर्किटवर मारायचा, ओल रोखणारा कन्फॉर्मल कोटिंगचा स्प्रे

कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ मागून बघा. झोपेतला आणि पाठवतानाचा करंट एकाच आलेखात दिसतो. नसला तरी अडत नाही.

कागदपत्रं: मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी चिप), रेग्युलेटर आणि बॅटरी या तिघांच्या डेटाशीट (कंपनीची तांत्रिक माहितीपत्रकं) उतरवून ठेवा. रेडिओ मॉड्यूल घेताना ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्याचं आहे ना ते बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा विनापरवाना खुला आहे, पण परवाना लागत नाही म्हणजे उपकरणाला मान्यताही लागत नाही असं नव्हे. विक्रेत्याकडून ईटीए, म्हणजे उपकरण मान्यतेच्या, प्रमाणपत्राची प्रत मागा. ९१५ मेगाहर्ट्झचं परदेशी मॉड्यूल स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

३. बॅटरी निवडा

साधे अल्कलाइन एए सेल कुठल्याही गाड्यावर मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. सुरुवातीला १.५ व्होल्ट देणारा सेल संपतासंपता ०.९ वर येतो, म्हणजे दोन सेलची जोडी १.८ वर. एनआरएफ५२ जातीची चिप १.७ व्होल्टपर्यंत चालते, तिला ही जोडी शेवटच्या थेंबापर्यंत पुरते. ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपला ३ व्होल्ट हवेत. दोन एएवर ती चार दिवस चालून बंद पडते आणि सेल मात्र अर्धे भरलेले राहतात. अल्कलाइनचा दुसरा दुर्गुण म्हणजे गळणं. संपलेले सेल पावसाळाभर डब्यात राहिले तर स्प्रिंग खाऊन टाकतात.

दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रासाठी माझी पसंती ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलला. एएच्याच आकारात सुमारे २४०० मिलिअँपिअर-तास मिळतात आणि नुसता ठेवला तर वर्षाला एखादा टक्काच झिजतो. पण हा सेल थोडा आळशी आहे. बराच काळ काम दिलं नाही की आत लिथियमवर एक पापुद्रा धरतो, आणि रेडिओने अचानक मोठा करंट मागितला की व्होल्टेज कोसळून यंत्र रीसेट होतं. परत जागं होतं, परत मागतं, परत कोसळतं. सेलला समांतर योग्य कपॅसिटर लावा आणि यंत्राला दिवसातून काही वेळा तरी पाठवायला लावा, म्हणजे ही अडचण फारशी येत नाही. हा सेल कधीही चार्ज करू नका, फुटू शकतो. आणि साधा एए समजून रिमोटमध्ये घालू नका. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण दिसायला तो तसाच असतो.

१८६५० (पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल) आणि सोलर ही जोडी मोकळ्या भाटात (माडांच्या वाडीत), खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधावर चांगली चालते. कुळागरात पोफळी-माडांच्या सावलीत मे महिन्यातही पॅनेलला पुरेसं ऊन मिळत नाही, जून-जुलैचं तर नावच काढू नका. शिवाय ४५ अंशांच्या वर लिथियम-आयन चार्ज करणं त्याला मानवत नाही आणि उन्हातला काळा डबा त्याहून सहज तापतो. खरेदीतला सापळा: चांगल्या १८६५० मध्ये साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत मावतात. सेलवर ९९०० छापलेलं दिसलं की दुकान बदला.

४. झोपेतला करंट मोजा

मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या वाटेत जोडला की बरेचदा यंत्र सुरूच होत नाही. कारण त्या रेंजवर मीटरच्या आतला रेझिस्टन्स मोठा असतो. यंत्र जागं होऊन करंट मागतं तेव्हा व्होल्टेज मीटरमध्येच पडतं. नवखा माणूस इथे यंत्र बिघडलं समजून ते परत पाठवतो. उपाय सोपा आहे: मीटरच्या दोन टोकांना तारेने शॉर्ट करून ठेवा, यंत्र झोपी गेलं की तार काढा, आकडा वाचा, आणि ते जागं व्हायच्या आत तार परत लावा.

याहून भरवशाची युक्ती कपॅसिटरची. ४७०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बॅटरीला समांतर जोडा, प्लस-मायनस बघून. काही मिनिटं तसाच राहू द्या. यंत्र झोपल्यावर बॅटरी काढा. आता यंत्र कपॅसिटरवर जगतंय. मीटर व्होल्टवर ठेवून व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने उतरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मग २३५० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर मायक्रोअँपिअरमध्ये मिळतं. चार मिनिटांना पाच सेकंद कमी, म्हणजे २३५ सेकंद लागले तर झोपेतला करंट १० मायक्रोअँपिअर. बोट उचलायच्या आतच काटा घसरला तर ५ मिलिअँपिअरची गळती आहे, पुढची पायरी तुमच्यासाठीच.

दोन गोष्टी सांभाळा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःही थोडा गळतो, म्हणून यंत्र न जोडता एकदा तोच प्रयोग करून तेवढा आकडा वजा करा. आणि कपॅसिटरवर छापलेली किंमत २० टक्के इकडेतिकडे असू शकते. इथे आपल्याला १० की ५००० एवढंच ठरवायचंय, १० की १२ नव्हे.

५. गळती शोधा

सगळं एकदम शोधू नका. एकेक भाग काढा आणि प्रत्येक वेळी चौथ्या पायरीतली युक्ती करा. गुन्हेगार बहुधा या चौघांपैकी असतो.

पहिला, बोर्डावरचा रेग्युलेटर. शिकायला घेतलेल्या स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ असतो. चिप झोपली तरी तो स्वतः ५ मिलिअँपिअरच्या आसपास खात राहतो. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरवर येते हे डेटाशीटमध्ये खरंच लिहिलंय, पण ते नुसत्या चिपबद्दल आहे. त्याच बोर्डावर लाल पॉवर एलईडी आणि यूएसबीची चिपही जागी असते. एलईडी कटरने उडवा. रेग्युलेटर बदला, किंवा मुळात बॅटरीसाठीच बनवलेला बोर्ड घ्या.

दुसरा, बॅटरीचं व्होल्टेज मोजायला लावलेले दोन रेझिस्टर. प्रत्येकी १०० किलोओहमचे लावले तर ४.२ व्होल्टवर २१ मायक्रोअँपिअर दिवसरात्र वाहतात, म्हणजे पूर्ण यंत्राच्या झोपेच्या दुप्पट. १ मेगाओहमचे लावा, मधल्या टोकाला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर द्या म्हणजे वाचन स्थिर येईल.

तिसरा मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो: टाकीतला फ्लोट स्विच, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. स्विच बंद झाला की १० किलोओहमच्या पुल-अपमधून (स्विचच्या पिनला विजेशी जोडणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टवर ३३० मायक्रोअँपिअर जातात. दिवसाला जवळपास ८ मिलिअँपिअर-तास, पहिल्या पायरीत काढलेल्या सगळ्या खर्चाच्या दहापट. उन्हाळ्यात टाकी अर्धी असते, स्विच उघडा असतो, सगळं छान चालतं. पाऊस लागला, टाकी काठोकाठ भरली, फ्लोट वर जाऊन बसला आणि स्विच चार महिने बंदच राहिला. चतुर्थीला बॅटरी गेलेली असते आणि दोष दमट हवेला जातो. पुल-अप कायम चालू ठेवू नका. जाग आली की पिन चालू करा, वाचा, लगेच बंद करा. नाहीतर, टाकी बहुतेक वेळ भरलेली राहत असेल तर, फ्लोट उलटा बसवा, म्हणजे भरलेल्या टाकीला स्विच उघडा राहील.

चौथा, सेन्सर स्वतः. ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर काही मिलिअँपिअर खातो. त्याला वीज मॉसफेटमधून, फक्त मोजण्यापुरती द्या. इथे एक चोरवाट आहे. सेन्सरची वीज तोडली तरी आयटूसीच्या (सेन्सर आणि चिप ज्यांवरून बोलतात त्या) दोन तारांवरचे पुल-अप बॅटरीला जोडलेले असतील तर करंट तिकडून सेन्सरमध्ये शिरतो. ते पुल-अपही मॉसफेटच्या पलीकडे, सेन्सरच्या बाजूला घ्या.

६. रेडिओला कमी बोलू द्या

वायफाय बॅटरीवर चालवू नका. राउटरशी जोडणी होईपर्यंत काही सेकंद शंभरपेक्षा जास्त मिलिअँपिअर जातात. घराच्या माडीवरच्या एका सेन्सरला ठीक आहे, कुळागराला लोरा बरा.

लोरामध्ये बॅटरीचं नशीब स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) ठरवतो: तो जितका मोठा, तितका पल्ला जास्त आणि निरोप सावकाश. १० बाइटचा निरोप लोरावॅनवर (लोरा यंत्रांच्या जाळ्यावर) एसएफ७ ने ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ१२ ने त्यालाच जवळपास दीड सेकंद लागतो. आपल्या हिशोबात दिवसाचा खर्च ०.७७ वरून २.३ च्या घरात जातो. म्हणून गेटवेची (सगळ्या यंत्रांचे निरोप झेलणाऱ्या पेटीची) अँटेना उंचावर नेण्यात घातलेले पैसे प्रत्येक यंत्राच्या बॅटरीत परत मिळतात. ओलं पान सिग्नल जास्त खातं. मे महिन्यात एसएफ७ वर सुखाने चालणारं यंत्र श्रावणात एसएफ१० वर गेलेलं दिसेल. चाचणी कोरड्या दिवसात केली असेल तर थोडी मोकळीक ठेवूनच जागा ठरवा.

प्रत्येक निरोपाची पोच मागू नका. जमिनीचा ओलावा पाव तासात बदलत नाही. एखादा आकडा हरवला तरी पोफळीला कळत नाही. उलट, चार वाचनं साठवून तासाला एकदा पाठवली तर रेडिओ चौपट कमी वेळा उघडतो.

मेश जाळं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांचे निरोप पुढे द्यायचे, असं करायचा मोह होईल. मेशमध्ये गेटवेजवळचं यंत्र सगळ्यांचे निरोप पुढे ढकलत राहतं आणि सगळ्यात आधी मरतं, मग त्याच्या मागची यंत्रं मुकी होतात. मधली यंत्रं घरच्या विजेवर असतील तरच मेश करा.

७. वीज गेली की काय होतं ते तपासा

ही पायरी कुणी करत नाही. पावसात फांदी तारेवर पडते, वीज जाते, गेटवे बंद होतो. बॅटरीवरच्या यंत्रांना याचा पत्ता नसतो. पोच मागणारं यंत्र उत्तर आलं नाही म्हणून पुन्हापुन्हा पाठवतं. काही प्रोग्राम तर जाळ्यात नव्याने सामील व्हायचा प्रयत्न थांबवतच नाहीत. एका लांबलेल्या रात्रीत महिन्याभराचा खर्च होऊ शकतो.

गेटवेला इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर टाका. प्रोग्राममध्ये प्रत्येक अपयशानंतर थांबायचा वेळ दुप्पट करत न्या, एक तासापर्यंत. त्यात काही सेकंदांचा इकडेतिकडे फरकही टाका, नाहीतर वीज आल्यावर सगळी यंत्रं एकदम ओरडतात आणि कुणाचंच ऐकू जात नाही. बसवण्याआधी मुद्दाम गेटवे रात्रभर बंद ठेवून बघा.

८. ॲक्टिव्ह टॅग असेल तर

मालीम जेटीवरून बर्फाचा क्रेट हॉटेलात जातो आणि परत येतच नाही, म्हणून लोक ब्लूटूथ टॅग लावतात. आत बहुधा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो, सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा. वर्षभर टिकवायचा तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवं. एकदा हाक मारायला साधारण ५ मिलिअँपिअर ३ मिलिसेकंद लागतात असं धरा. सेकंदाला एक हाक मारली तर कागदावर दीड वर्ष. सेकंदाला दहा मारल्या तर दोन महिने. बऱ्याच टॅगची मूळ सेटिंग घाईची असते, कारण दुकानात फोनवर पटकन दिसलेला टॅग विकला जातो. क्रेटसाठी पाच सेकंदांतून एकदा भरपूर झालं.

नाण्याच्या सेलला अचानक मोठा करंट देता येत नाही, आणि थंडीत तर आणखीच नाही. बर्फाला टेकलेला टॅग सेल भरलेला असूनही गप्प होतो. टॅग क्रेटच्या बाहेरच्या बाजूला, कडेच्या खाली लावा आणि पाठवायची शक्ती कमी ठेवा. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरॅडचा, कमी गळणारा कपॅसिटर असलेला टॅग निवडा.

हललं की जागं होणारे टॅग गोदामात उत्तम. ट्रॉलरवर मात्र नांगर टाकून उभी असलेली होडीही रात्रभर डुलते आणि टॅग क्षणभरही झोपत नाही. हालचालीची मर्यादा वाढवा, काही सेकंद सलग हलल्याशिवाय जाग येऊ देऊ नका, आणि तासाला जास्तीत जास्त किती हाका, तेही बांधून टाका.

९. डबा

खारी दमट हवा सर्किटवर बसली की दोन पायांमध्ये बारीक करंट वाहू लागतो. मायक्रोअँपिअरच्या हिशोबात तोही मोजावा लागतो. सर्किटवर कोटिंग मारा (अँटेनाचा जोड आणि सेलचे स्प्रिंग झाकून), केबल ग्लँड खालच्या अंगाला ठेवा, सिलिका जेल पावसाआधी बदला. डबा पांढरा घ्या आणि सावलीत लावा. ग्लँडची न वापरलेली भोकं बुजवा, नाहीतर मुंग्या अंडी घालतात. त्यांना तेवढी जागा पुरते.

१०. वही ठेवा आणि मे महिन्यात बदला

बॅटरीचं व्होल्टेज रेडिओ चालू असताना मोजून पाठवा, झोपेतून उठल्याउठल्या नव्हे. थायोनिल सेल तर शेवटपर्यंत ३.६ दाखवतो आणि मग एकदम बसतो. तिथे व्होल्टेजपेक्षा किती वेळा पाठवलं आणि कोणत्या एसएफवर, याची बेरीज जास्त खरं सांगते.

वहीत प्रत्येक डब्याचा क्रमांक, सेल घातल्याची तारीख, मोजलेला झोपेतला करंट लिहा. पुढचा पावसाळा निघणार नाही असं वाटणारा सेल मे महिन्यातच बदला. जुलैमध्ये डबा उघडला की दमट हवा आत कोंडली जाते. एका यंत्रात जुना-नवा सेल एकत्र घालू नका.

काढलेल्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जुन्या बॅटऱ्या गोळा किंवा रिसायकल करणाऱ्याला त्या आत काय आहे ते सांगून, वेगळ्या पिशवीत द्या.